सिलिकावाला महाज्वालामुखी प्रांत कसा ओळखायचा, आणि तो बनला कसा हे दगडातून कसं काढायचं

ज्वालामुखीचे महाप्रांत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर काळा बेसाल्टच येतो, थरावर थर, दख्खनसारखा. पण त्याच तोडीचे असे पण प्रांत आहेत जिथे वर बेसाल्ट शोधावा लागतो, बाकी सगळा रायोलाइट आणि डेसाइट, म्हणजे सिलिका ठासून भरलेला दगड, आणि तोही बहुतेक वेळा लाव्हा म्हणून वाहत आलेला नाही तर गरम राख आणि प्युमिसचे (फेसासारख्या फुगलेल्या हलक्या दगडाचे) लोट जमिनीवरून धावत येऊन बसलेला, अशा लोटांच्या दगडाला इग्निंब्राइट म्हणतात. यांना सिलिसिक लार्ज इग्नियस प्रॉव्हिन्स म्हणतात, आद्याक्षरं जोडून स्लिप. मी पण स्लिपच म्हणणार, दर वेळी एवढं लांब नाव कोण टाइप करणार.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्लिपमध्ये वर जो दगड दिसतो तो अर्धीच कथा आहे. शेगडी खाली असते, ती बेसाल्टची असते आणि ती आपल्याला दिसत नाही. त्यामुळे वरचा रायोलाइट मोजायचा, त्यावरून खालच्या बेसाल्टचा हिशोब लावायचा आणि दोन्हींच्या मधे जे पृथ्वीचं कवच आहे त्यात आधी काय काय घडून गेलं होतं ते बघायचं. या तिघांपैकी एक जरी सोडलं तरी उत्तर चुकतं, मी स्वतः सुरुवातीला फक्त वरच्या दगडावर अख्खं मत बनवून बसायचो.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी माप, कारण रायोलाइट दिसला की लगेच स्लिप असं होत नाही. १९९४ मध्ये कॉफिन आणि एल्डहोम यांनी महाप्रांतांची जी व्याख्या मांडली ती मुख्यतः बेसाल्टछाप प्रांतांसाठी होती, त्यात हे सिलिकावाले बाहेरच राहिले. मग २००२ मध्ये स्कॉट ब्रायन आणि सहकाऱ्यांनी स्लिपसाठी वेगळे निकष दिले, आणि २००८ मध्ये ब्रायन आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी एकूण व्याख्याच पुन्हा घासूनपुसून घेतली. डोक्यात ठेवायचे आकडे असे: क्षेत्रफळ १ लाख चौरस किमीच्या वर, घनफळ १ लाख घन किमीच्या वर, त्यातला ८० टक्क्यांहून जास्त माल डेसाइट ते रायोलाइट, त्यात इग्निंब्राइटचा भरणा, आणि सगळा खेळ साधारण ४ कोटी वर्षांच्या आत.

हे माप कडक वाटतं पण त्याचा फायदा आहे. मध्य अँडीजमधला आल्टिप्लानो-पुना भाग घ्या, गेल्या १ कोटी वर्षांतले प्रचंड इग्निंब्राइट, काल्डेरे (उद्रेकानंतर जमीन खचून झालेले मोठे खड्डे), खाली कवचात अजून अर्धवट वितळलेला भाग भूकंपलहरींना जाणवतो, सगळं काही आहे. पण घनफळ १० हजारांच्या घरात, लाखात नाही. न्यूझीलंडचा टाउपो पट्टा पण तसाच, वेग जबरदस्त, पण अजून तेवढा साठलेला नाही. या दोघांना स्लिप म्हणू नका, पण अभ्यासाला मात्र जरूर घ्या, कारण स्लिप ऐन भरात असताना कसा दिसत असेल याची झलक इथेच मिळते.

घनफळ काढायचं कसं? साधा गुणाकार, क्षेत्रफळ गुणिले सरासरी जाडी, आणि मग त्या उत्तरावर संशय घ्यायचा. मेक्सिकोची सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल बघा, सुमारे १२०० किमी लांब आणि २०० ते ५०० किमी रुंद पट्टा, जाडी सरासरी १ किमीच्या आसपास, म्हणून ३ ते ४ लाख घन किमी म्हणतात. संशय तीन ठिकाणी घ्यायचा. एक म्हणजे झीज, वरचे किती थर वाहून गेले. दुसरं म्हणजे पोकळी, राख आणि प्युमिसमध्ये हवा असते त्यामुळे राखेचं घनफळ आणि शिलारसाचं घनफळ एक नसतं, तुलना करायची तर सगळं घट्ट दगडाच्या मापात आणावं लागतं, एकाने राखेचा आकडा दिलाय आणि दुसऱ्याने शिलारसाचा आणि आपण दोन्ही शेजारी ठेवतोय हा घोळ सगळ्यात जास्त होतो. तिसरं म्हणजे आजूबाजूची गाळाची खोरी, आणि हे लोक हमखास विसरतात.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा व्हिटसंडे प्रांत हे याचं सगळ्यात भारी उदाहरण. साधारण १३.२ ते ९.५ कोटी वर्षांपूर्वीचा, क्वीन्सलंडजवळची जी प्रसिद्ध बेटं आहेत ती याच खडकाची. नुसती बेटं आणि किनारा मोजला तर प्रांत काही फार मोठा वाटत नाही. पण त्या काळातली राख आणि ज्वालामुखीचा चुरा नद्यांनी आत नेऊन खंडातल्या खोऱ्यांत भरला, आणि त्या गाळाचं घनफळ १४ लाख घन किमीच्या वर निघालं. सगळं धरून प्रांत २० लाख घन किमीच्या पुढे जातो, म्हणजे ज्ञात स्लिपमध्ये सगळ्यात मोठा. प्रांताचा मोठा हिस्सा ज्वालामुखीच्या जागी नाहीच, तो वाळूचा दगड होऊन दूर बसलाय! म्हणून शेजारच्या खोऱ्यातल्या त्याच वयाच्या वाळूत ज्वालामुखीचे कण किती, हे बघितल्याशिवाय घनफळावर सही करू नका.

मग दगड हातात घ्या. रंगावर जाऊ नका, ही पहिली सूचना. सिलिका जास्त म्हणजे फिकट, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं पण ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, काळाकुट्ट असतो आणि तो रायोलाइटच असतो, इग्निंब्राइटच्या तळाशी जो काचेचा थर असतो तोही काळा दिसतो. हँडलेन्स लावा आणि गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्झचे दाणे, सॅनिडिन फेल्डस्पार, आणि स्फटिक अख्खे आहेत की तुटके ते बघा. तुटके स्फटिक म्हणजे स्फोटाची खूण. मग चपट्या भिंगासारखे काळपट तुकडे दिसतात का बघा, त्यांना फियामे म्हणतात, मूळचे ते प्युमिसचे फुगीर तुकडे, राखेचा लोट इतका गरम असताना बसला की वरच्या वजनाने ते चेपले आणि सगळी राख एकमेकीला चिकटून दगड झाली. यालाच वेल्डेड टफ म्हणतात. भरपूर गरम असेल तर चिकटल्यावर तो परत थोडा वाहतोसुद्धा, आणि मग तो लाव्हा की इग्निंब्राइट यावर जाणकार पण भांडतात. अशा वेळी थराचा तळ आणि कडा शोधायची, लाव्हाच्या तळाला आणि पुढच्या टोकाला तुटक्या ढेकळांचा जाड थर असतो, इग्निंब्राइट कडेला हळूहळू पातळ होत संपतो. उभे खांब दिसले तर त्यावरून काही ठरवू नका, खांब दोघांतही पडतात.

प्रयोगशाळेचे आकडे मिळाले तर सिलिका बघायची: बेसाल्ट ४५ ते ५२ टक्के, अँडेसाइट ५२ ते ६३, त्यावर डेसाइट, आणि साधारण ७० च्या पुढे रायोलाइट. पण जुन्या प्रांतांत गरम पाणी दगडात फिरून सिलिका वाढवून ठेवतं, अल्कली (सोडियम, पोटॅशियम) उचलून नेतं, त्यामुळे नुसत्या सिलिका-अल्कलीच्या आलेखावर विसंबलात तर फसाल. झिर्कोनियम आणि टायटॅनियमसारखी सहसा न हलणारी मूलद्रव्यं घेऊन उलटतपासणी करा.

इथवर "आहे की नाही" झालं. आता "कसं झालं", आणि खरी मजा इथेच आहे.

रायोलाइटी शिलारस दोन वाटांनी बनतो. एक, बेसाल्ट खाली थंड होत जातो, लोह-मॅग्नेशियमवाले स्फटिक आधी बाजूला पडतात आणि उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. दोन, वरून आलेल्या उष्णतेने नाही, खालून घुसलेल्या बेसाल्टच्या उष्णतेने जुनं कवचच वितळतं. पहिल्या वाटेने शेवटी मूळ बेसाल्टच्या जेमतेम दहावा हिस्सा रायोलाइट उरतो. म्हणजे सिएरा माद्रेचे ४ लाख घन किमी नुसत्या या वाटेने काढायचे तर ४० लाख घन किमी बेसाल्ट खाली थंड झालेला हवा, आणि त्याच्या स्फटिकांचा ढीग कवचाच्या तळाशी कुठेतरी बसलेला हवा. अशक्य म्हणत नाही, पण फारच ताणलेला हिशोब आहे.

दुसऱ्या वाटेचा हिशोब कागदावर करून बघा, अवघड नाही. १ किलो बेसाल्ट १२०० अंशांवरून ९०० पर्यंत निवला आणि गोठला तर गोठतानाची सुमारे ४०० किलोज्यूल आणि निवण्याची ३६० च्या आसपास, मिळून साडेसातशे किलोज्यूल सोडतो. खालचं कवच आधीच ६०० अंशांवर असेल तर त्यातला १ किलो दगड ९०० ला नेऊन त्यातला ३० टक्के वितळवायला साधारण ४६० लागतात. म्हणजे १ किलो बेसाल्ट १.६ किलो दगड तापवतो आणि त्यातून अर्धा किलो रस निघतो. उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरूनसुद्धा २ ला १! तर ४ लाखांच्या रायोलाइटमागे किमान ८ लाख घन किमी बेसाल्ट कवचात गडप झालेला आहे. हा माझा ढोबळ हिशोब आहे, आकडे थोडे इकडेतिकडे करा, पण निष्कर्ष हलत नाही की स्लिपच्या पोटात एक अख्खा बेसाल्टी महाप्रांत लपलेला असतो. प्रत्यक्षात दोन्ही वाटा एकत्र चालतात, बेसाल्ट निवतो, कवच वितळतं, दोन्हींचे रस मिसळतात, हिल्ड्रेथ आणि मूरबाथ यांनी १९८८ मध्ये कवचाच्या तळाशी चालणाऱ्या या वितळण्या-मिसळण्याचं चित्र मांडलं होतं ते अजून वापरात आहे.

मग प्रश्न येतो की बेसाल्ट सगळीकडेच खालून येतो, तर सगळीकडे स्लिप का नाही बनत? उत्तर पाण्यात आहे. कोरडं, आधीच एकदा वितळून निघालेलं जुनं कवच सहजासहजी वितळत नाही. पण ज्या कवचाखाली पूर्वी कधीतरी समुद्रतळ घुसत होता, तिथे अभ्रक आणि अँफिबोलसारखी पाणी धरून ठेवणारी खनिजं भरपूर असतात, तापवलं की ती फुटतात, पाणी सोडतात आणि तेच पाणी दगडाचा वितळणबिंदू खाली आणतं. म्हणून स्लिप सापडतात ते खंडांच्या जुन्या किनारी पट्ट्यांत. महासागरात एकही नाही, तिथे वितळवायला खंडाचं कवचच नसतं. थोडक्यात बेसाल्ट उष्णता देतो पण रायोलाइट किती निघणार ते कवचाचा इतिहास ठरवतो.

यातूनच एक मोठा सापळा तयार होतो, तो नीट समजून घ्या. असल्या कवचातून निघालेल्या रायोलाइटमध्ये नायोबियम कमी, आणखी काही खुणा अशा की आलेख बघून वाटतं, अरे हे तर सबडक्शनचं ज्वालामुखी आहे, समुद्रतळ त्याच वेळी खाली घुसत असणार. पण ती खूण वितळलेल्या कवचाकडून वारशाने आलेली असते, आजोबांच्या नाकासारखी, नातवाच्या चेहऱ्यावर दिसतं म्हणून आजोबा आज घरात असतीलच असं नाही. व्हिटसंडेचे खडक बराच काळ सबडक्शनच्या ज्वालामुखी साखळीचे मानले जात होते, मग १९९० च्या दशकात ब्रायन आणि मंडळींनी ते खंड ताणला जातानाचे आहेत असं मांडलं, आणि पुढे तिथेच खंड फुटून टास्मन समुद्र उघडला. तर तेव्हा खंड ताणला जात होता की समुद्रतळ खाली घुसत होता हे नुसत्या मूलद्रव्यांच्या आलेखावरून ठरवू नका, सोबत ताणाचे पुरावे बघा: समांतर डाइकचे (उभ्या फटीत शिलारस गोठून झालेल्या भिंतींचे) झुबके, सामान्य भ्रंश (ताणामुळे एक बाजू खाली घसरलेल्या भेगा), खचलेली खोरी, आणि बेसाल्ट-रायोलाइट दोन्ही आहेत पण मधला अँडेसाइट फारसा नाही, अशी जोडी.

बेसाल्ट वर का दिसत नाही ते पण सांगून टाकतो. कवचात एकदा रायोलाइटी रसाचा किंवा अर्धवट गोठलेल्या लगद्याचा थर बसला की खालून येणारा जड बेसाल्ट त्याला भेदून जाऊ शकत नाही, फट पाडायला ठिसूळ दगड लागतो आणि हा थर मऊ. मग बेसाल्ट तिथेच अडकतो, पसरतो, आणखी उष्णता देतो. पुढे प्रांत थंड झाला, कवच ताणलं गेलं, की मग उशिरा बेसाल्टला वाट मिळते. त्यामुळे थरांच्या क्रमात वरच्या बाजूला उशिराचे बेसाल्ट आणि त्यांच्या डाइक दिसल्या तर खूश व्हा, लपलेल्या शेगडीचा तो जवळजवळ थेट पुरावा आहे.

आता वय. हे काम झिरकॉन नावाच्या बारीक, चिवट खनिजाचं. झिरकॉन युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही, त्यामुळे आत सापडलेलं शिसं बहुतेक युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं असतं, युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल ४४७ कोटी वर्षं, पुढचं गणित. पण झिरकॉनचं वय म्हणजे तो स्फटिक बनला त्याचं वय, उद्रेकाचं नाही! एकाच दगडात तीन प्रकारचे झिरकॉन असू शकतात: उद्रेकाच्या जरा आधी बनलेले, त्याच प्रांताच्या आधीच्या फेरीत गोठलेल्या दगडातून उचललेले, आणि कवचातले खूप जुने. सगळ्यांची सरासरी काढली की कशाचंच वय येत नाही. उद्रेकाचं वय हवं असेल तर सगळ्यात तरुण गट बघा आणि जमलं तर सॅनिडिनवर आर्गॉन-आर्गॉन (पोटॅशियमच्या क्षयावर चालणारी वय काढायची दुसरी पद्धत) करून ताडून बघा.

आणि ते मधल्या प्रकारचे झिरकॉन फेकून देऊ नका, तेच सगळ्यात बोलके आहेत. सिएरा माद्रेत दोन मोठे झपाटे आहेत, एक साधारण ३.४ ते २.८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २.४ ते २ कोटींच्या दरम्यानचा. दुसऱ्या झपाट्यातल्या रायोलाइटमध्ये आधीच्या वयाचे झिरकॉन सापडले, म्हणजे पहिल्या फेरीत कवचात गोठून बसलेला माल दुसऱ्या फेरीत परत वितळला. प्रांत स्वतःलाच पुन्हा गिळतोय. याचा अर्थ असा की स्ट्रॉन्शियम-निओडिमियमचे आयसोटोप "तरुण, मँटलसारखे" (कवचाखालच्या थरासारखे) आले म्हणून कवच वितळलंच नाही असं ठोकून देऊ नका, कदाचित कवचच तरुण असेल, काही दशलक्ष वर्षांपूर्वीच आत बसलेलं.

वेगाबद्दल पण बेसाल्टची सवय सोडावी लागते. दख्खनचा मुख्य भाग साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास १० लाख वर्षांच्या आसपास उरकला, स्लिप मात्र रेंगाळत, झपाट्या-झपाट्याने चालतात. सिएरा माद्रेचे ४ लाख घन किमी जर सरासरी ५०० घन किमीच्या उद्रेकांनी साचले असं धरलं तर ८०० उद्रेक, ३.४ ते २ कोटी म्हणजे १.४ कोटी वर्षांत वाटले तर साडेसतरा हजार वर्षांना एक. कवच तापायला आणि रस गोळा व्हायला वेळ लागतो हे एवढ्यावरून पण कळतं. एकेक उद्रेक मात्र राक्षसी असतो, कोलोरॅडोतला फिश कॅन्यन टफ सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी एका फटक्यात ५००० घन किमीच्या आसपास बाहेर पडला, त्यामागे ला गारिता काल्डेरा खचला. इंडोनेशियातल्या टोबाचा ७४ हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक त्याच्या पुढे लहान वाटतो.

झपाटे नकाशावर पण मांडून बघा, नुसते वयाच्या रेषेवर नको. पॅटागोनिया आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पातला चोन आइके प्रांत, सुमारे २.३ लाख घन किमी, त्याचे तीन टप्पे: १८.८ ते १७.८ कोटी, १७.२ ते १६.२ कोटी आणि १५.७ ते १५.३ कोटी वर्षं. टप्प्यागणिक ज्वालामुखी खंडाच्या आतल्या बाजूकडून पॅसिफिकच्या कडेकडे सरकत गेलेला दिसतो. पहिला टप्पा दक्षिण आफ्रिका-अंटार्क्टिकातल्या कारू-फेरारच्या बेसाल्टी महाप्रांताच्या (१८.३ कोटी) काळाशी जुळतो, म्हणजे गोंडवन हे दक्षिणेचं जुनं महाखंड फुटायला लागलं तेव्हा एकीकडे बेसाल्ट थेट वर आला आणि दुसरीकडे, ओलसर जुन्या किनारी कवचात, तीच उष्णता रायोलाइट होऊन बाहेर पडली. माझ्या मते स्लिप समजून घ्यायला हा सगळ्यात चांगला प्रांत आहे, व्हिटसंडेपेक्षाही, कारण इथे जागा, वेळ आणि शेजारचा बेसाल्ट तिन्ही एका नकाशावर मिळतात.

धातूंसाठी शोधणाऱ्यांना एवढंच, सिएरा माद्रेत चांदी-सोनं, पॅटागोनियाच्या देसेआदो भागात पण सोनं-चांदी, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गॉलर रेंजच्या १५९ कोटी वर्षं जुन्या ज्वालामुखीच्या काळातच ऑलिंपिक डॅमचा तांबं-युरेनियम-सोन्याचा प्रचंड साठा बनला. यावर वेगळं लिहावं लागेल.

सराव करायचा असेल तर राजस्थानचा मालानी घ्या, साधारण ७७ ते ७५ कोटी वर्षांपूर्वीचा, जोधपूरचा मेहरानगड याच रायोलाइटवर उभा आहे आणि तिथला वेल्डेड टफ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. वरची यादी लावत जा: सुरुवातीला थोडा बेसाल्ट, मग रायोलाइट आणि टफचा भडिमार, मग जालोर-सिवाना बाजूचे ग्रॅनाइट, शेवटी डाइक. क्रम अगदी पुस्तकातल्यासारखा. पण आज दिसणारं क्षेत्र ५० हजार चौरस किमीच्या थोडं वर, म्हणजे मापात नापास. मग ठरवायचं की पश्चिमेला वाळूखाली किती दडलंय, पाकिस्तानातल्या नगर पारकरमधले आणि सेशेल्समधले जवळपास त्याच काळाचे खडक या हिशोबात धरायचे की नाही, आणि झीज किती लावायची. मी स्वतः त्याला स्लिपच म्हणतो, पण तुम्ही आधी गुणाकार करा मग माझ्याशी वाद घाला.